अमेरिकेला जाऊन गोधडीच शिवलीस?

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी 'वजन वाढलं का गं?', मग 'जावई घरात मदत करतो का?' आणि मग 'नायगारा पाहिलास ना?' यांतल्या तिसऱ्या प्रश्नाला मी 'नाही' म्हटले, तेव्हाच आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंच्या चेहऱ्यावर हळहळ उमटली. जणू आमच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे त्यांनीच भरले होते! मग त्यांची नजर कोचावरच्या घडीकडे गेली.

"अय्या, छान आहे! तिकडून आणलीस?"

"आणली नाही. शिवली. तिकडेच, प्रवासात."

"म्हणजे? अमेरिकेला जाऊन गोधडीच शिवलीस?"

वाचकहो, या वाक्यातल्या गोधडीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार त्या 'च'बद्दल आहे. बँकेच्या काउंटरमागे तेहतीस वर्षे काढलेल्या बाईला भांडणाची हौस उरलेली नसते. जगातल्या सगळ्या प्रकारच्या माणसांशी तिचे भांडून झालेले असते. पण हा 'च' मला पुण्यात भेटला, शिकागोजवळ मुलीच्या घरी भेटला, भर प्रवासात खुद्द यजमानांच्या तोंडून भेटला, आणि आता तो दारात येऊन माझाच चहा पीत होता. तेव्हा म्हटले, एकदा काय तो निकाल लावून टाकू.

आधी खटल्याची हकिकत सांगते. २०२३ च्या उन्हाळ्यात जावयाने एक कॅम्पर भाड्याने घेतला. कॅम्पर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. अमेरिकेत यांतले काही कॅम्पर आपल्या एसटीएवढे असतात म्हणे. आमचा सोळा फुटी होता. त्यात शेगडी, बेसिन, फ्रीज, संडास आणि चार माणसांची झोपायची सोय होती. 'होती' म्हणजे माहितीपत्रकात होती. जेवणाचे टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या पसरल्या, की त्याचा पलंग होई. त्यामुळे ज्याला झोप येई त्याला बाकीच्यांचे जेवण उरकेपर्यंत उभ्याने पेंगावे लागे. आमच्या ह्यांचे बालपण दादरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसांत गेलेले. त्यांनी आत डोके घालून पाहिले आणि म्हणाले, "बरं आहे की. गॅलरी तेवढी नाही."

या खोलीतून आम्ही सतरा दिवस शिकागोपासून यलोस्टोनपर्यंत जाऊन आलो. खोली चालत असताना तिच्यात बसायला तिकडे बऱ्याच राज्यांत बंदी आहे. दिवसभर मोटारीत पट्टा बांधून बसायचे आणि संध्याकाळी मुक्कामाच्या मैदानावर गेले, की तिथल्या खांबाला वायर जोडून संसार मांडायचा.

माझ्या बॅगेत एक बोचके होते. त्यात आईची तीन नऊवारी पातळे आणि वडिलांचे एक धोतर. आई गेली तेव्हा आम्ही तिघी बहिणींनी तिची लुगडी वाटून घेतली. चांगली चांगली गेली, अगदी 'नको गं, तूच घे' असे म्हणत म्हणत गेली. शेवटी ही विरलेली उरली. ती आईने स्वतःच धुऊन, घड्या घालून, नाडीने बांधून ठेवलेली होती. गोधडीसाठी. गोधडी काही तिच्याने झाली नाही. ते बोचके मी घरी आणले आणि रीतसर माळ्यावर टाकले. निवृत्त झाले की करू, म्हटले. निवृत्तीनंतर घरात बसले, की कुणीतरी पाणी मागे, कुणीतरी बेल वाजवी. अकरा वर्षे गेली. मग उजव्या अंगठ्याचे सांधे दुखू लागले, आणि डॉक्टर म्हणाले, "वाढत जाईल हे. बारीक कामं आता जरा कमीच करा." त्या दिवशी मी घरी आले, स्टूल घेतले आणि बोचके खाली काढले.

तेव्हा मला फुरसत होती म्हणून मी प्रवासात गोधडी शिवली नाही. प्रवास सोडून मला फुरसत कुठेच नव्हती. हा मुद्दा नंबर एक.

विमानतळावर हे घाबरले होते. सुया आणि कात्री पाहून आपल्याला अतिरेकी म्हणून धरतील, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात अमेरिकेच्या नियमांप्रमाणे शिवणाच्या सुया हातातल्या बॅगेत चालतात आणि खिळ्यापासून चार इंचांच्या आतली कात्रीही चालते. पकडले गेले ते ह्यांचे लिंबाचे लोणचे.

गोधडीचे शास्त्र ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गोधडीला आधी जमीन लागते. स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर खालचे पातळ पसरायचे, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, त्यावर वरचे पातळ, चार कोपऱ्यांवर पाटे नाहीतर दगड, आणि मग त्यावरच फतकल मारून बसायचे. कडेने धावदोरा घालत घालत, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत यायचे. पहिल्या मुक्कामी मी हे करू गेले. कॅम्परची मोकळी जमीन निघाली अडीच बाय सहा. मी पातळ पसरले, त्यावर बसले, आणि दोन मिनिटांत असे लक्षात आले की संडासाचे दार आता उघडू शकत नाही. जावईबापू बाहेरून नम्रपणे म्हणाले, "आई, तुमचं कितपत झालंय?" सुरुवातच होती हो! शेवटी त्यांना मैदानाच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक संडासात जावे लागले. तिथून ते परतले तेव्हा घरात माझ्याविरुद्ध एकमत झालेले होते. माझी मुलगीही त्या बाजूला. "आई, सुट्टी आहे ना? जरा स्वस्थ बस ना!"

'जरा स्वस्थ बस.' या तीन शब्दांकडे परत यायचे आहे, लक्षात ठेवा.

मला वाचवले ते नेब्रास्कात, शेजारच्या कॅम्परमधल्या एका आजीबाईंनी. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. त्यांचा कॅम्पर आमच्याहून लहान, आणि त्यात त्या आणि त्यांचे मांजर. जेवणाच्या टेबलावर सिंगरचे फेदरवेट मशीन. हे मशीन १९३३ साली निघाले, त्याचे वजन जेमतेम पाच किलो, त्याचे लहानसे टेबल दुमडते आणि ते एका पेटीत बसते. कॅम्परमध्ये शिवणाऱ्या बायकांचा त्याच्यावर आपल्याकडच्या पितळी भांड्यांसारखा जीव. दाढीच्या साबणाएवढी इस्त्री, तिच्याखाली लोकरीचा चौकोन, खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावलेले तुकडे, आणि दात कोरायच्या दोऱ्याची रिकामी डबी. दोरा तोडायला त्या डबीचे पाते वापरायचे म्हणजे कात्री शोधावी लागत नाही! मी तर तिथल्या तिथे लोटांगण घालणार होते, पण जागा नव्हती.

त्यांनी माझे बोचके उलगडून पाहिले. पातळाचा पोत दोन बोटांत धरून त्या कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, मधे कापसाचा थर कुठे आहे? मी म्हटले, थर नाही. जुन्यावर जुने. मग विचारले, नमुना कुठे आहे? म्हटले, नमुनाही नाही. संपतील तिथे ठिगळे संपतात. त्यावर त्यांनी मला त्यांची युक्ती दाखवली. सगळी गोधडी एकदम पसरायची नाही. दीड-दीड वितीचे चौकोन घ्यायचे, प्रत्येक चौकोन थरांसकट मांडीवर पुरा शिवायचा, आणि घरी गेल्यावर ते एकमेकांना जोडायचे. मला आधी हे पटेना. गोधडी म्हणजे अखंड, हे आमचे कुळाचार. पण अडीच बाय सहाच्या जमिनीवर कुळाचार मावत नव्हता. बसले कापायला. आईच्या पातळावर पहिली कात्री चालवताना हात थांबला, हे खोटे कशाला सांगू? आजीबाईंनी माझ्याकडे न पाहता मांजराला हाक मारली आणि त्या बाहेर गेल्या.

आमच्या ह्यांचे मात्र या भेटीवरचे भाष्य असे : "चांगलं नवं कापड विकत घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच तुकडे परत जोडायचे! या देशात बेकारी का नाही ते आज कळलं."

दुसऱ्या दिवशी लिंकन गाव लागले. तिथे नेब्रास्का विद्यापीठाचे गोधड्यांचे म्युझियम आहे. १९९७ पासून संग्रह चालला आहे आणि २००८ पासून त्याला स्वतःची इमारत आहे. "गोधड्यांचं म्युझियम? म्हणजे आपला माळा!" असे म्हणत हे आत आले, ते केवळ आत एसी असेल म्हणून. पण आत गेल्यावर ते गप्प झाले. तिथे हजारो गोधड्या आहेत, जगभरच्या. हात लावायला मनाई आणि उजेडसुद्धा मंद, रंग उडू नयेत म्हणून. तिथल्या दुकानातल्या एका पुस्तकात मी त्यांना अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या दाखवल्या. शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या विटक्या विजारींतून, सदऱ्यांतून शिवलेल्या. थेट आपल्या वाकळीच्या बहिणी. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. ह्यांच्यावर त्याचाही परिणाम झाला नाही. पण पुढे लिहिले होते की २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. आमचे हे तिकिटे जमवतात. "तिकिटं काढली?" असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. सरकारने शिक्का मारल्याशिवाय नवऱ्याला बायकोच्या कलेचे मोल कळत नाही, असे मी म्हणणार नाही. पण टपालखात्याचे आभार मानीन.

लिंकनच्या पुढे हमरस्ता बराच काळ प्लॅट नदीच्या काठाने जातो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्यांचे तांडे ह्याच नदीच्या काठाने गेले. दोन हजार मैल, बैलांनी ओढलेल्या छपराच्या गाड्यांतून, चार-सहा महिने. आमच्या कॅम्परचे हेच खरे पूर्वज. फरक एवढाच, की गाडी सामानाने भरलेली असल्यामुळे बरीचशी माणसे चालतच जात. आणि त्या गाड्यांतही बायका गोधड्या नेत होत्या, मुक्कामाला बसून शिवत होत्या. थंडी अडवायला गोधडी, धूळ अडवायला गोधडी, भांडी फुटू नयेत म्हणून मधे गोधडी. आणि वाटेत माणूस गेले, की त्या माळरानावर पेटीला लाकूड मिळत नसे, तेव्हा गोधडीतच गुंडाळून त्याला मातीत ठेवीत आणि पुढे निघत. त्या बायकांना कुणी म्हटले असेल का हो, 'प्रवासाला येऊन गोधडीच शिवत बसलीस?'

आता यलोस्टोन. प्रतिपक्षाचा सगळ्यात मोठा दावा असा, की खाली मान घालून शिवणाऱ्याला बाहेरचे काही दिसत नाही. यासाठी मी 'ओल्ड फेथफुल'ला साक्षीला बोलावते. हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने एकदा उडतो. शंभर फुटांहून उंच जातो, आणि दीड ते पाच मिनिटांत आटोपतो. आम्ही पोचलो तेव्हा तो नुकताच उडून गेला होता. समोर बाकांवर दोन-अडीचशे माणसे एका वाफाळत्या ढिगाऱ्याकडे पाहत बसलेली. दीड तास! त्या दीड तासात ह्यांनी असंख्य वेळा घड्याळ पाहिले, एक आइस्क्रीम खाल्ले, दुसरे खाल्ले, खडकवासल्याच्या पाण्यावरून जावयाशी वाद घातला आणि 'हे भरवशाचं नाही' असा शेरा मारला. मी एक चौकोन पुरा केला. पाणी गुरगुरू लागले तेव्हा मी सुई ओढणीला टोचली, अंगुस्तान खिशात टाकले आणि मान वर करून ते तीन-चार मिनिटांचे पाणी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिले. ह्यांनी ते तळहाताएवढ्या मोबाइलमध्ये पाहिले. ते चित्रण त्यांनी आजतागायत पुन्हा उघडलेले नाही. मग खाली मान कुणाची होती?

तीच गोष्ट बायसनची. हे रेड्याच्या थोरल्या भावासारखे जनावर कळपाने रस्त्यात येऊन उभे राहते आणि त्याच्यापासून पंचवीस यार्ड लांब राहायचा नियम आहे. जनावराला तो ठाऊक नसतो. पाऊण तास मोटारी खोळंबल्या. पाऊण तास म्हणजे चार ओळी धावदोरा. शिवाय यलोस्टोनमधल्या आमच्या मुक्कामी विजेचा खांबच नव्हता. मोबाइल विझले, कंप्यूटर विझला, जावईबापू सैरभैर झाले. हातशिवणाला वायर लागत नाही. आजीबाईंचे फेदरवेटसुद्धा तिथे मुके झाले असते.

प्रवास म्हणजे काय? मी तरी आता असेच म्हणते : घटकाभर बघणे आणि तासन्‌तास वाट बघणे. स्टेशनवर, स्टँडवर, रांगेत, टोलवर. वडिलांच्या दर तीन वर्षांनी बदल्या होत. सामानाचा ट्रक पुढे जाई आणि आम्ही एसटी स्टँडवर. आई ट्रंकेवर बसून मांडीवर ठिगळे लावी. इस्लामपूरचा स्टँड, सांगोल्याचा स्टँड, पंढरपूरचा स्टँड. पंढरपूरपलीकडे ती कधी गेली नाही. पण त्या तिन्ही गावांतला पाऊस, कुठल्या कंडक्टरने अंड्यांची टोपली टपावर चढवू दिली नाही, कुठल्या बाईने पिण्याचे पाणी दिले, हे सगळे ती गोधडीवर बोट ठेवून सांगू शकत असे. 'हे बघ, इथं टाका वाकडा आलाय ना, तेव्हा तू खोकत होतीस.' ह्यांच्या चार हजार फोटोंपैकी एकाला तरी असे विचारून बघा.

आणि आता त्या 'जरा स्वस्थ बस' कडे येते. त्या प्रवासात जावई मासे पकडायला तळ्याकाठी दोन तास बसला. एक मासा मिळाला, तोही नियमाप्रमाणे परत सोडला. त्याला कुणी म्हटले नाही, 'अमेरिकेत राहून मासाच पकडलास?' ह्यांनी मोटारीत बसून पुण्याचे वर्तमानपत्र मोबाइलवर रोज पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचले. वर्तमानपत्र वाचणारा पुरुष प्रवासात अभ्यासू दिसतो. शिवणारी बाई मात्र घरदार बरोबर घेऊन आल्यासारखी दिसते. घरात आमचे हात रिकामे दिसले की लोकांना खुपते, आणि बाहेर ते कामात दिसले की खुपते. बाहेर आमचे हात आमच्याच कामात असतात, खरे दुखणे तिथे आहे. सतरा दिवस मी त्याच कॅम्परमध्ये सकाळचे पोहे केले, संध्याकाळची खिचडी केली, भांडी विसळली. तेव्हा 'स्वस्थ बस' म्हणणारा एकही प्राणी मला त्या खोलीत आढळला नाही. सुई हातात घेतली की चार जणांना माझ्या विश्रांतीची काळजी. चार म्हणजे बायसन धरून.

एक आक्षेप मी मान्य करते, सुईचा. सोळा फुटांत सुई हरवणे ही लहान गोष्ट नाही. एकदा हरवली, आणि ती कुणाला सापडली ते सभ्य भाषेत लिहिता येणार नाही. तेव्हापासून रोज झोपण्यापूर्वी सुया मोजायच्या असा नियम केला, आणि मुलीने यलोस्टोनची आठवण म्हणून घेतलेले लोहचुंबकाचे अस्वल गाद्यांवरून फिरवायचे. आठवण म्हणून घेतलेली वस्तू उपयोगी पडल्याचे माझ्या माहितीतले हे एकच उदाहरण. पण गंमत पुढेच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ह्यांना हल्ली सुईचे नेढे माझ्यापेक्षा स्वच्छ दिसते. तिसऱ्या आठवड्यात मी न मागताच दहा-दहा सुया दोरा ओवून उशीत टोचून तयार असत. "म्हटलं सुया मोजाव्या, सहज ओवल्या," असे त्यांचे स्पष्टीकरण.

एकूण बेचाळीस चौकोन झाले. पुण्याला येऊन हॉलमधले फर्निचर गॅलरीत काढले आणि जमिनीवर जोडले. अंगठ्याने पुरा महिना सूड घेतला. समोरच्या बाईंना मी हे सगळे असेच सांगितले, थोडे वरच्या पट्टीत. त्या चहाचा कप ठेवून उठल्या, गोधडीवरून हात फिरवला, आणि दारात चपला घालताना म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंची दोन पातळं आहेत गं ट्रंकेत. जमेल का मला?"

परवा हे सकाळी वर्तमानपत्रातून मान वर काढून म्हणाले, "अगं, महाराष्ट्र सरकारनं २०२१ सालीच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलंय. आपल्याकडेही निघतात आता तसल्या गाड्या. कोकणात जाऊ या का एखादी घेऊन?"

मी म्हटले, "जाऊ की. जमीन किती बाय किती आहे तेवढं विचारून घ्या."